शॉकअपचे ऑइल सील बदलूनही गळती का होते?

प्रश्न : माझ्या १९९४ सालच्या मोटरसायकलच्या पुढच्या उजव्या शॉकअपमधून तेल गळते. सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलून जेमतेम महिना झाला, तरी शॉकअपच्या चकचकीत नळीवर पुन्हा तेलाचे कडे दिसते. सील निकृष्ट असावे काय?

उत्तर : सीलला दोष देण्यापूर्वी नळी तपासावी. चिंधीने ती स्वच्छ पुसून, सीलची ये-जा होते त्या भागावरून नख हळूच फिरवावे. नख कुठे अडखळले, तर तेथे क्रोमचा मुलामा उडून गंजाचा खड्डा पडला आहे, आणि तो प्रत्येक उसळीला नव्या सीलची रबरी कड कापत राहतो, असे समजावे. किरकोळ टोक बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, घासता येते. खड्डे खोल असल्यास नळीला पुन्हा हार्ड क्रोम (क्रोमचा कठीण मुलामा) करून घेणे किंवा ती बदलणे एवढेच उपाय उरतात. नळी गुळगुळीत आणि सरळ असेल, तर आतील बुश (नळी ज्याच्या आधाराने सरकते ते कडे) झिजला आहे का, हे पाहावे.

नवे सील बसवताना त्याची बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे खाली, ठेवावी, रबरी कडेला तेल लावावे आणि जुने सील वर ठेवून योग्य मापाच्या पाइपने ते सरळ खाली ठोकावे. स्क्रू-ड्रायव्हरने एका बाजूने ठोकण्याची गॅरेजमधली घाई बऱ्याचदा नडते. सील दोन्ही बाजूंचे बदलावे, आणि तेल अंदाजाने न ओतता पुस्तिकेतील मापाप्रमाणे दोहोंत सारखेच भरावे. गळलेले तेल ब्रेकपर्यंत ओघळले असेल, तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये.