वाचकांचे प्रश्न : मागाचे सांगाडे, वाड्याच्या तुळया आणि घरची कार्यशाळा

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्या घरामागे दहा बाय बारा फुटांची पत्र्याची खोली आहे. मोठ्या भावाने यंत्रमाग मोडीत काढले, तेव्हा एका मागाच्या दोन्ही बाजूंचे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) सांगाडे मी ठेवून घेतले. गावाकडचा माळवदाचा वाडा उतरवला, त्यातल्या काही सागवानी तुळयाही आणल्या आहेत. निवृत्तीनंतर सुतारकाम आणि किरकोळ फिटिंगची कामे करावीत असे मनात आहे. शक्यतो जुन्याच सामानातून कार्यशाळा उभी करायची, तर सुरुवात कोठून करावी? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : सुरुवात कामाच्या टेबलापासून करावी, कारण पुढची मांडणी, दिवे आणि सॉकेट यांच्या जागा टेबल कोठे उभे राहते यावरच ठरतात. जुन्या सामानाबाबत आम्ही एक भेद कटाक्षाने पाळतो. जे एका जागी उभे राहून भार पेलते ते भंगारातून खुशाल घ्यावे. ज्यातून वीज वाहते किंवा जे वेगाने फिरते त्यासाठी मात्र नव्या मालाचेच पैसे मोजावेत.

आपल्याकडचे सांगाडे टेबलाच्या पायांसाठी फार चांगले आहेत. रंधा मारताना टेबल सरकते ही हलक्या टेबलांची नेहमीची तक्रार असते आणि बिडाच्या वजनापुढे ती उरत नाही. मात्र बीड हे साध्या लोखंडासारखे वागत नाही. जोराचा घाव बसला तर ते वाकण्याऐवजी तडकते, आणि साध्या वेल्डिंगने जोडलेल्या सांध्याशेजारी बहुधा नवी भेग पडते. म्हणून हे सांगाडे वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नयेत. त्यांना मुळातच असलेली भोके वापरून, ती अपुरी पडल्यास नवी पाडून, १२ मि.मी. जाडीच्या बोल्टांनी दोन्ही सांगाडे आडव्या अँगलने एकमेकांना जखडावेत. बिडाला भोक कोरडेच पाडतात, तेल घालत नाहीत. ड्रिलखालून कुरळ्या चकत्यांऐवजी भुरभुरीत काळी भुकटी पडू लागली, की तो भाग बिडाचाच आहे हे ओळखावे. खोलीत शहाबादी फरशी असेल तर ती फोडून अँकर बोल्ट बसवण्याच्या भानगडीत पडू नये. जुन्या टायरचे तुकडे पायांखाली दिले तरी पुरते.

तुळयांकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. माळवदाच्या वाड्यात तुळईची टोके भिंतीत गाडलेली असतात आणि ओल व वाळवी यांचा पहिला मारा तेथेच होतो, म्हणून दोन्ही टोकांचा सुमारे फूटभर भाग कापून आतले लाकूड पाहावे. मग हातोडीने ठोकत पुढे जावे. आवाज खणखणीत असेल तर लाकूड सलग आहे, बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे. लाकडाच्या रेषांत वर्षानुवर्षे मुरलेली माती तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय त्यावर करवत चालवू नये, कारण ही माती पात्याची धार बोथट करते.

खिळ्यांचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. सॉ मिलवाला जुने लाकूड पाहताच आधी खिळ्यांविषयी विचारतो, आणि काही जण असे लाकूड चिरायला सरळ नकार देतात. त्यात त्यांची चूक नाही, कारण एका खिळ्याने पात्याचे दात जातात. दिसणारे खिळे पहार आणि जंबुराने काढल्यावर, फडक्यात गुंडाळलेले जोरकस लोहचुंबक चारही बाजूंनी सावकाश फिरवावे. मोडून आत राहिलेला खिळा त्याच्या ओढीने कळतो. शिवाय गंजणाऱ्या खिळ्याभोवतीचे लाकूड काळपट-निळसर पडलेले असते, तो डाग दिसला की तेथे पटाशीने उकरून पाहावे. एवढी तयारी करून गेलात, तर मिलवालाही दोन इंच जाडीच्या फळ्या आनंदाने पाडून देईल.

चिरलेल्या फळ्या लगेच ठोकू नयेत. मध्ये पट्ट्या देऊन त्या काही आठवडे सावलीत रचून ठेवाव्यात, म्हणजे ज्या वाकड्या व्हायच्या त्या आधीच होतील. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत, तर पावसाळ्यात तेच लाकूड थोडे फुगते. म्हणून फळ्या अँगलला बसवताना अँगलमधली भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत. टेबलाची उंची ठरवताना नेहमीच्या चपला घालून, हात सैल सोडून उभे राहावे आणि जमिनीपासून मनगटापर्यंतचे अंतर मोजावे. बहुतेकांच्या बाबतीत ते ८५ ते ९० सें.मी. भरते.

मांडणीसाठी बंद झालेल्या दुकानांतून निघालेले भोकांचे अँगल भंगार दुकानांत वजनावर मिळतात. साधा अँगल घ्यायचा झाल्यास ४० बाय ४० बाय ५ मि.मी. मापाचा अँगल मीटरला सुमारे तीन किलो भरतो, हे लक्षात ठेवून जावे. किती लांबीला किती पैसे पडतील याचा अंदाज दुकानदाराच्या काट्याआधीच येतो.

प्रश्न : आमच्या बंद मागाची एक हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार आहे, तिच्या पट्टीवर मिनिटाला १४४० फेरे असे लिहिले आहे. घरात एक जुने सहा इंची ग्राइंडरचे चाकही पडून आहे. दोन्ही जोडून पटाश्यांना धार लावण्याचे यंत्र होईल का? (अशोक चौकातील एक तरुण वाचक)

उत्तर : मोटार उपयोगी पडू शकते, चाक मात्र फेकून द्यावे. आत भेग पडलेले चाक बाहेरून अखंड दिसते आणि फिरताना त्याचे तुकडे तोंडावर येतात. नवे सिरॅमिक बंधाचे चाकसुद्धा बसवण्यापूर्वी बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहावे; स्वच्छ नाद आला तरच ते वापरावे. संरक्षक आवरण आणि डोळ्यांवर चष्मा यांना पर्याय नाही.

१४४० फेऱ्यांचा वेग धारेच्या कामाला उलट चांगलाच आहे. बाजारातले छोटे बेंच ग्राइंडर साधारण २८०० फेऱ्यांनी फिरतात आणि पटाशी क्षणात निळी पडून तिचे पाणी (पोलादाचा कठीणपणा) उतरते. आपल्या मोटारीवर सहा इंची चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर राहील, त्यामुळे पोलाद तापायला वेळ लागतो आणि मधूनमधून पाण्यात बुडवायला उसंत मिळते.

अडचण विजेची आहे. घरच्या सिंगल-फेज जोडणीवर ही मोटार थेट चालणार नाही. व्हीएफडी नावाचे उपकरण सिंगल-फेजवरून तीन फेज तयार करते. पण त्यातून २३० व्होल्ट निघत असल्याने मोटारीची वेटोळी डेल्टा (त्रिकोणी) पद्धतीने जोडावी लागतात, आणि मोटारीतून सहा तारा बाहेर काढलेल्या असतील तरच हे सहज होते. तीनच तारा असतील तर मोटार उघडावी लागेल, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा ती एखाद्या माग चालवणाऱ्याला विकून त्या पैशांत सिंगल-फेज मोटार घेणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. मागाची थ्री-फेज जोडणी अजून चालू असली तरी यंत्रमागांसाठी वीजदराचा वेगळा वर्ग आहे, तेव्हा तिच्यावर दुसरे यंत्र चालवण्यापूर्वी महावितरणकडे विचारणा करावी. तारा, एमसीबी (जास्त भार पडताच वीज तोडणारी कळ) आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारी कळ) नवेच घ्यावेत. खोली पत्र्याची असेल तर पत्रा आणि सांगाडा यांनाही अर्थिंग जोडून घ्यावे.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतून यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या स्वस्तात मिळाल्या. शिवाय जुने रंगवलेले दरवाजे आणि सिमेंटचे पत्रे आहेत. यांतले काय वापरू? (बाळे येथील वाचक)

उत्तर : परदेशातून आलेल्या खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. त्यांत ‘एचटी’ असेल तर लाकडावर उष्णतेची प्रक्रिया झालेली आहे आणि त्याच्या मांडण्या, खण खुशाल करावेत. ‘एमबी’ असेल तर ते मिथिल ब्रोमाइडच्या विषारी धुरीतून गेलेले असते. ते घरात आणू नये.

दरवाजांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरवणारा नियम २०१७ मध्ये लागू झाला, आणि आपले दरवाजे नक्कीच त्याआधीचे असणार. म्हणून रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नये, ब्लो लॅम्पने जाळू तर मुळीच नये. पाणी मारत ओला खरवडावा आणि खपल्या कागदात गोळा कराव्यात. नातवंडे अंगणात खेळत असतील तर हे काम तेथे करू नये.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते छपरावर अखंड असतील तर तसेच राहू द्यावेत. ग्राइंडरने कापून त्यांचे कप्पे करण्याचा विचार सोडून द्यावा.

प्रश्न : यजमानांनी टेबलाला जवसाचे तेल लावले आणि तेलकट कॉटन वेस्ट कोपऱ्यात साठवून ठेवले आहे. त्याला वास येतो. काही धोका आहे का? (होटगी रस्त्यावरील वाचक भगिनी)

उत्तर : धोका आहे, आणि सोलापुरात तो अधिक, कारण कापडाच्या या गावात कॉटन वेस्ट आणि चिंध्या वाटेल तेवढ्या मिळतात व ढिगाने वापरल्या जातात. जवसाचे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजन शोषते आणि उष्णता सोडते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. ढिगाच्या पोटात साठत राहते आणि काडी न लावता ढीग पेटू शकतो. वापरलेला बोळा घराबाहेर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवावा, किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावा. कोपऱ्यातला ढीग आज रात्रीपूर्वीच तेथून हलवावा. यंत्राच्या साध्या ऑइलचे बोळे अशा रीतीने आपोआप तापत नाहीत. मात्र ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून तेही दूरच ठेवावेत.