पहिलंच घर घेऊन भाड्यानं द्यायचंय? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय सारखा येत होता, थोडी बचत जमलीये, एखादं छोटं घर घेऊन भाड्यानं द्यावं का. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त घर आणि भाडं. कायदा, टॅक्स, नोंदणी हे जागेजागी वेगळं असतं, त्यासाठी तुमच्या तिथल्या वकिलाला आणि टॅक्सवाल्याला गाठा. बाकी खाली जे लिहिलंय ते कुठल्याही घराला लागू पडतं.

प्रश्न: ताई, मी नोकरी करतो, डाउनपेमेंटपुरते पैसे साठलेत. एजंट म्हणतो भाड्यातूनच ईएमआय सुटेल, तुम्हाला काही बघावं लागणार नाही, वीस वर्षांनी घर तुमचं. खरंच असं होतं का?

होऊ शकतं, पण तोंडी सांगितलं म्हणून मानू नका, कागद घेऊन बसा आणि स्वतः हिशेब करा. घराची किंमत १०० धरा, आणि १०० म्हणजे सगळं मिळून बरं का, नोंदणीचा खर्च, वकील, एजंटचं कमिशन, रंगकाम, दिवे-पंखे सगळं त्यात. आता समजा वर्षाचं भाडं ६ येणार आहे. इथेच बरेच जण थांबतात, ६ टक्के सुटतात म्हणून खूश होतात, पण हे ६ पूर्ण हातात येत नाहीत. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर बंद राहिलं की ५.५ उरले. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, विमा, नळ-वायरिंगची कामं, दर काही वर्षांनी रंग, याला १.५ तरी धरा. राहिले ४. टॅक्स अजून भरलेलाच नाही.

आता कर्जाकडे या. डाउनपेमेंट २०, कर्ज ८०, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. याचा वर्षाचा हप्ता होतो साधारण ८.६४. भाड्यातून आले ४, म्हणजे वर्षाला साडेचारच्या वर पदरचे घालायचे, तेही दर वर्षी, आणि तुम्ही सुरुवातीला घातलेच होते २०. म्हणजे चार-साडेचार वर्षांत अजून एक डाउनपेमेंट खिशातून गेलेलं असतं. या आकड्यांत भाड्यातूनच हप्ता सुटायला हवा असेल तर कर्ज ३७ च्या आसपासच घेता येईल, बाकीचे ६३ स्वतःचे लागतील. तुमचे आकडे वेगळे असतील, भाडं जास्त असेल किंवा व्याज कमी असेल तर गणित जमेलही, पण गणित हेच करायचं.

अजून एक गोष्ट कर्ज घेताना फार कमी लोक बघतात. ९ टक्क्यांनी २० वर्षांचं एक लाखाचं कर्ज असेल तर हप्ता ९०० च्या आसपास बसतो, त्यातले पहिल्या महिन्यात ७५० नुसतं व्याज, मुद्दलात जातात फक्त १५०. आणि १० वर्षं इमानदारीत हप्ते भरूनसुद्धा लाखातले ७१ हजार फिटायचे बाकी असतात! अर्धी मुदत संपली म्हणजे अर्धं कर्ज फिटलं असं अजिबात नसतं. व्याजाचा दर बदलता असेल तर तोही पकडा, सुरुवातीलाच ९ चा १० झाला तर ९०० चा हप्ता ९६५ होतो नाहीतर मुदत लांबते, पण भाडं काही त्या महिन्यात वाढत नाही.

मग घेऊच नये का? तसं नाही. दर महिन्याला किती घालायचेत हे आधीच माहीत असेल, ते पगारातून आरामात निघत असतील आणि निदान सहा महिन्यांचे हप्ते नि खर्च बाजूला रोख ठेवलेले असतील तर जरूर घ्या. फक्त किंमत वाढेलच या भरवशावर घेऊ नका. वाढली तर आनंदच आहे, पण १० टक्के उतरली तर तुमच्या २० तले १० गेलेले असतात, बँकेचं कर्ज तेवढंच राहतं.

प्रश्न: जुनं पण स्वस्त घर मिळतंय. बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? आम्हा दोघांनाही यातलं काही कळत नाही.

कळत नसेल तर कळणारा माणूस बरोबर न्या, एखादा अनुभवी प्लंबर किंवा मिस्त्रीसुद्धा चालेल, त्याची एका फेरीची मजुरी वाया जात नाही. स्वतः जाल तेव्हा बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावा, बाथरूमच्या बाहेरच्या बाजूनी हां, तिथे गार ओलसर लागलं किंवा रंगाला फुगे आले असतील तर आत गळती आहे. वरच्या मजल्याचं बाथरूम तुमच्या कुठल्या खोलीवर येतं ते विचारा आणि त्या छताकडे टॉर्च मारून बघा. सगळ्या घराचा रंग जुना आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर ती भिंत का रंगवली ते विचारलंच पाहिजे. सगळे नळ एकदम सोडा, प्रेशर किती पडतं ते कळतं, मग बेसिन तुंबवून पाणी सोडून बघा किती वेळात जातंय. टाइल्सवर बोटांनी टकटक करा, पोकळ आवाज आला तर खालची पकड सुटलेली आहे. मेन स्विचबोर्ड उघडून दाखवायला सांगा, जळल्याचे काळे डाग असतील तर वायरिंगचा खर्च धरूनच चाला.

एकदा दिवसा जा, एकदा रात्री जा, आणि जमलं तर भर पावसात जा. शेजाऱ्यांशी बोला, पाणी किती वेळ येतं, भांडणं कशावरून होतात हे विकणारा सांगत नाही, शेजारी सांगतात.

कागदपत्रांसाठी वकील तुमचा स्वतःचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. घरावर कुणाचं कर्ज आहे का, किती वारस आहेत, थकबाकी काय आहे, आणि मुळात हे घर भाड्यानं द्यायला परवानगी आहे का, हे सगळं बयाणा द्यायच्या आधी. नंतर नाही. स्वस्त आहे ते का स्वस्त आहे याचं उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न: दोन भाडेकरू आलेत. एक जण ५ टक्के जास्त द्यायला तयार आहे पण पुढच्या महिन्यात येतो म्हणतो आणि मागच्या घराबद्दल नीट बोलत नाही. दुसरं जोडपं आहे, साधं, भाडं कमी करा म्हणतात पण लगेच यायला तयार. नवरा म्हणतो पैसा बघ. काय करू?

पैसाच बघू मग. ५ टक्के जास्त म्हणजे वर्षाला भाड्याचे १८ दिवस. पहिल्याची वाट बघत घर महिनाभर बंद राहिलं तर ३० दिवसांचं भाडं गेलं. म्हणजे पहिल्या वर्षात तर जास्त भाडं देणाराच तुम्हाला महाग पडतो, आणि तो मधेच सोडून गेला तर परत घर रिकामं, परत एजंटचं कमिशन, परत रंग.

पण म्हणून त्या जोडप्यालासुद्धा चौकशी न करता चावी देऊ नका. ओळखपत्रं आणि कमाईचा पुरावा बघा, भाडं त्यांच्या मिळकतीच्या एक तृतीयांशाच्या आत आहे ना ते बघा, आणि तुमच्या इथे भाडेकरूची नोंद कुठे द्यावी लागत असेल तर द्या. त्यांच्या आत्ताच्या घरमालकाला फोन करा, आणि जमलं तर त्याच्याही आधीच्याला करा, कारण आत्ताच्या मालकाला भाडेकरू एकदाचा जायला हवा असेल तर तो गोडच बोलणार, आधीच्याला लपवायचं काही कारण नसतं. त्याला एकच विचारा, पुन्हा घर दिलं असतं का? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो त्यावरूनही बरंच समजतं. आणि माणूस जात-धर्म, एकटी बाई, लहान मुलं यावरून नाकारू नका. कित्येक ठिकाणी याला कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसला तरी चूकच आहे. वेळेवर भाडं देणं आणि घर नीट ठेवणं याचा या गोष्टींशी काडीचा संबंध नाही.

प्रश्न: भाडेकरू मित्राचा मित्र आहे, अ‍ॅग्रीमेंट कशाला म्हणतो, विश्वास नाही का?

विश्वास आहे म्हणूनच लिहायचं, म्हणजे तो टिकतो. भाडं किती, कुठल्या तारखेला, डिपॉझिट किती, दुरुस्ती कुणी करायची, वर्षाने भाडं किती वाढणार, सोडताना किती दिवस आधी सांगायचं. लेखी, सही करून, तुमच्याकडे नोंदणी लागत असेल तर नोंदणी करून. तो तयार नसेल तर दुसरा भाडेकरू शोधा.

प्रश्न: भाडेकरू घर सोडतोय. भिंती मळल्यात, एका दाराला भोक पडलंय, गॅस शेगडीमागच्या टाइल्स तेलकट झाल्यात. सगळं डिपॉझिटमधून कापू का? तो म्हणतो दार आधीपासूनच तसं होतं.

भिंतींचं कापू नका. माणसं राहिली की रंग मळणार, फिका होणार, ती घराची रोजची झीज आहे आणि तिचा खर्च तुम्ही भाड्यातून आधीच घेतलाय. टाइल्स पुसून निघत असतील तर त्याला पुसायला सांगा. दाराचं भोक हे नुकसान, ते त्याने भरावं, पण आधी नव्हतं हे दाखवायला तुमच्याकडे काय आहे? फोटो नसेल तर ताणू नका, समजुतीने अर्धं-अर्धं करा आणि उरलेलं डिपॉझिट वेळेत परत करा, अडकवून ठेवू नका. ते पैसे त्याचेच आहेत आणि त्याला पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचंय.

पुढच्या वेळी चावी द्यायच्या दिवशी दोघांनी मिळून खोलीखोलीतून व्हिडिओ काढा, दारं उघडून, नळ सोडून, मीटरचं रीडिंग दाखवून, आणि तो लगेच त्याच्या मोबाईलवर पाठवा म्हणजे दोघांकडे एकच राहतो. एका कागदावर काय काय सामान आहे, कशाला ओरखडा आहे हे लिहून दोघांच्या सह्या. अर्धा तास लागतो.

प्रश्न: भाडेकरू फोन करून सारखं काही ना काही सांगतो, नळ गळतोय, स्विच गरम होतोय. प्रत्येक वेळी धावायचं का? आणि अधूनमधून जाऊन घर बघून आलं तर चालतं ना, चावी आहे माझ्याकडे.

स्विच गरम होतोय म्हटल्यावर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन पाठवा, यात टाळाटाळ नको, आग लागू शकते. गॅस, वीज, छताची गळती याला तातडीचं माना. गळका नळ दोन दिवस थांबेल पण महिनाभर थांबला तर भिंत ओली होते आणि वॉशरच्या कामाचं पुढे गिलाव्याचं काम होतं, त्यामुळे सांगणारा भाडेकरू चांगला, न सांगणाऱ्याची काळजी करा. एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन ठरवून ठेवा, त्यांचे नंबर भाडेकरूला द्या, अमुक रकमेच्या आतलं काम त्याने परस्पर करून बिल पाठवायचं असं ठरवा, म्हणजे रोजचे फोन कमी होतील. बिलं सांभाळा, टॅक्सच्या वेळी लागतात, आणि भाड्याचं बँक खातंच वेगळं ठेवलं तर वर्षाच्या शेवटी शोधाशोध करावी लागत नाही.

चावीचं म्हणाल तर न सांगता जायचं नाही. घर तुमच्या नावावर असलं तरी राहतं घर आत्ता त्याचं आहे. आदल्या दिवशी तरी फोन करा, वेळ विचारा, तो घरी असताना जा. आग, पाण्याची पाइप फुटली असं काही असेल तेवढंच अपवाद, आणि तेव्हाही आत जाता जाता त्याला फोन लावा.