आघात, विकार आणि सैनिकाचे शल्य

प्रश्न असा आहे : लढाईवरून परतलेल्या सैनिकांच्या ज्या मानसिक आजाराला ‘पीटीएसडी’ (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) म्हणतात, त्याला मराठीत ‘आघातोत्तर ताणविकार’ म्हणावे की ‘आघातपश्चात ताणविकार’, आणि त्यातला ‘विकार’ हा शब्द सैनिकाचा अपमान करणारा नाही काय? पहिल्या भागाचे उत्तर लवकर संपते. ‘मरणोत्तर’, ‘युद्धोत्तर’ यांच्या पंक्तीत बसणारा ‘आघातोत्तर’ रुळलेला आणि सुटसुटीत आहे. ‘पश्चात’ हे मूळचे अव्यय असल्याने समासात जरा अवघडून बसते, पण म्हणून ते चूक ठरत नाही.

वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या नावातले ‘उत्तर’ हे पद कोणी वाचतच नाही. परीक्षेचा पेपर अवघड गेला की ‘ट्रॉमा’, वरिष्ठ रागावले की दुपारपर्यंत ‘पीटीएसडी’! या निदानासाठी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागतात, आणि काही रुग्णांत तर आजाराचे पूर्ण चित्र घटनेनंतर सहा महिने उलटल्यावरच स्पष्ट होते. विद्वानही या घाईत मागे नाहीत. अर्जुनाच्या हातून गांडीव गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, म्हणून त्याला या आजाराचा पहिला रुग्ण ठरवणारे विवेचन वारंवार ऐकू येते. तो प्रसंग शंख वाजल्यानंतरचा पण पहिला बाण सुटण्याआधीचा आहे. अर्जुनाने पूर्वी युद्धे केली होती, असा बचाव करणाऱ्यांनी त्याच्या तोंडचे कारण पाहावे : तो घडून गेलेल्या संहाराविषयी नव्हे, घडू घातलेल्या संहाराविषयी बोलतो. तो विषाद आहे आणि त्या अध्यायाचे नावही तेच सांगते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने मॅरेथॉनच्या लढाईत एकही घाव न लागता दृष्टी गमावलेल्या एपिझेलसची हकिकत दिली आहे. तिच्यावरही हाच शिक्का मारण्याची चाल आहे. भीतीने दृष्टी जाणे ही नोंद मोलाची खरी, पण ती वेगळ्या आजाराची.

आता ‘आघात’. तडाखा, धक्का हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. गंमत धातूत आहे. ‘घात’ येतो ‘हन्’पासून. शत्रुघ्न, कृतघ्न, घातक आणि लोहाराचा घण ही सगळी त्याचीच प्रजा. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या सामाईक इंडो-युरोपीय भाषाकुलाच्या पातळीवर पाहिले तर हाच धातू लॅटिनमध्ये ‘फेन्डेरे’ या रूपाने राहिला आणि त्यावरून ‘डिफेन्स’ आणि ‘ऑफेन्स’ हे दोन्ही शब्द निघाले. जर्मानिक शाखेत त्यापासून युद्धवाचक ‘गुन्न’ झाला आणि तो ‘गुन्हिल्ड’ या स्त्रीनामात शिरला. चौदाव्या शतकात विंडसरच्या किल्ल्यातील शस्त्रांच्या यादीत एका प्रचंड क्षेपणयंत्राचे नाव ‘लेडी गुनिल्डा’ असे नोंदलेले सापडते, आणि इंग्रजीतला ‘गन’ हा शब्द याच नावावरून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे डिफेन्समध्ये भरती झालेला, हाती गन घेतलेला आणि आघात घेऊन परतलेला सैनिक हा आरंभापासून अखेरपर्यंत एकाच धातूच्या तावडीत असतो. ‘ट्रॉमा’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘जखम’. जखम कशीही होऊ शकते, आघात मात्र कोणीतरी करावा लागतो. त्यामुळे मूळ संज्ञेपेक्षा आपला प्रतिशब्द अधिक नेमका आहे, असे माझे ठाम मत आहे. (भाषाशास्त्रात ‘स्ट्रेस’ला आपण ‘बलाघात’ म्हणतो आणि मानसशास्त्रात त्याच ‘स्ट्रेस’ला ‘ताण’, परिभाषाकारांनी हा घोळ कधीतरी निस्तरावा.)

हा शब्दच्छल नाही, कारण या आजाराच्या संशोधनाचा आणि उपचारांचा सारा इतिहास म्हणजे कारण आत आहे की बाहेर, या प्रश्नावरचे भांडण आहे. आयुर्वेदाच्या भाषेत सांगायचे तर रोग निज की आगंतू? १६८८ साली योहान्स होफर याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस भाडोत्री सैनिकांसारख्यांच्या दुखण्यासाठी. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. अमेरिकी यादवी युद्धात लष्करी डॉक्टरांनी हजारो सैनिकांच्या नावापुढे हेच निदान लिहिले. आज तो शब्द जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांपुरता उरला आहे, आणि ‘ट्रॉमा’ची वाटचालही त्याच दिशेने चालू आहे. त्याच यादवी युद्धातील सैनिकांना तपासून जेकब दा कोस्टा याने १८७१ मध्ये धडधड, धाप आणि छातीतली कळ यांचे वर्णन केले. त्या दुखण्याला ‘सैनिकाचे हृदय’ असे नाव पडले आणि दोष हृदयाच्या माथी गेला.

पहिल्या महायुद्धात ‘शेलशॉक’ आला. ब्रिटिश लष्करी डॉक्टर चार्ल्स मायर्स याने फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन रुग्णांची हकिकत याच नावाखाली छापली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेला हादरा बसतो, ही त्यामागची कल्पना होती. पण स्फोटाच्या जवळपासही न गेलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागली आणि खुद्द मायर्सलाच ते नाव नकोसे झाले. दरम्यान ब्रिटिश लष्कराने एका अक्षरावर माणसांचे भवितव्य टांगले होते. शेलशॉकपुढे ‘डब्ल्यू’ असेल तर सैनिक जखमी, त्याला गणवेशावर जखमीची पट्टी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क. ‘एस’ असेल तर तो नुसता आजारी. १९१७ मध्ये हे निदान लिहिण्यासच मनाई झाली आणि ‘अद्याप निदान न झालेला, चेतासंस्थेचा’ असा गोलमाल शेरा सुरू झाला. भ्याडपणा, पलायन अशा आरोपांखाली ज्यांना आपल्याच लष्कराने गोळ्या घातल्या, त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटनने २००६ साली मरणोत्तर माफी दिली.

पुढची उडी अमेरिकेत. १९५२ च्या मनोविकार निदानपुस्तिकेत ‘तीव्र ताणप्रतिक्रिया’ अशा अर्थाचे नाव होते. १९६८ च्या आवृत्तीत, व्हिएतनाममधील युद्ध ऐन भरात असताना, ते गाळले गेले. परतलेल्या सैनिकांनी १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये आपापसांत बोलण्यासाठी गट जमवले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत बसू लागले आणि शॅटनने १९७२ मध्ये ‘व्हिएतनामोत्तर लक्षणसमूह’ असे नाव जाहीरपणे पुढे आणले. १९७९ मध्ये अमेरिकी सरकारने रुग्णालयांच्या बाहेर, वस्तीत, माजी सैनिकांसाठी समुपदेशन केंद्रे सुरू केली, आणि १९८० च्या निदानपुस्तिकेत आजचे नाव छापून आले. त्या नावात ना व्हिएतनाम होते, ना युद्ध. बलात्कारपीडित स्त्रियांवर १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासात असेच चित्र दिसले होते, हे त्यामागचे एक मोठे कारण. म्हणूनच ‘युद्ध’ किंवा ‘रण’ जोडून नवे मराठी नाव घडवू पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही. आज माजी सैनिकांना दिल्या जाणाऱ्या दोन प्रमुख मानसोपचार पद्धती, म्हणजे एडना फोआ यांची भीतीच्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारी पद्धत आणि पॅट्रिशिया रेसिक यांची घटनेविषयीचे विचार तपासून पाहणारी पद्धत, या दोन्हींचे सुरुवातीचे महत्त्वाचे प्रयोग अत्याचारपीडित स्त्रियांबरोबरच झाले होते. नाव ‘रणविकार’ असते, तर हे दोन अभ्यास एकमेकांना भेटले असते का, अशी मला शंका आहे.

राहिला ‘विकार’. अमेरिकी भूदलाचे तेव्हाचे उपप्रमुख जनरल पीटर किआरेली यांनी ‘डिसऑर्डर’ काढून ‘इंज्युरी’ घालावे असा आग्रह धरला होता. सैनिक विकारग्रस्त म्हणवून घ्यायला लाजतो आणि मदत मागत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. २०१३ च्या पुस्तिकेने ते मानले नाही. पण या वादाचा मराठी तर्जुमा करून ‘विकार नको, इजा म्हणा’ असे सांगणाऱ्यांना माझा विरोध आहे. त्यांनी आधी ‘विकार’ कोशात पाहावा. वि आणि कृ, म्हणजे मूळ स्थितीत झालेला पालट. निरुक्तकार यास्काने दिलेल्या सहा भावविकारांत, म्हणजे अस्तित्वाच्या सहा अवस्थांत, जन्मणे आणि वाढणेही आहे. व्याकरणात विभक्ती घेणारा शब्द विकारी असतो आणि त्याला कोणी वेडा म्हणत नाही. ‘आघातोत्तर विकार’ याचा सरळ अर्थ बाहेरून तडाखा बसल्यावर माणसात झालेला पालट, आणि कारण बाहेरचे असल्याची कबुली पहिल्याच पदात देऊन झालेली आहे.

‘इजा’ची जागा दुसरीकडे शोधली जाते आहे. बॉस्टनमध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी ‘मॉरल इंज्युरी’ ही संज्ञा रूढ केली : जिवावरच्या प्रसंगी अधिकारपदावरच्या माणसाने जे न्याय्य त्याचाच विश्वासघात केल्यामुळे होणारी हानी. पुढच्या संशोधकांनी त्यात स्वतःच्या हातून घडलेल्या किंवा थांबवता न आलेल्या कृत्यांचाही समावेश केला. ही भीती नाही, म्हणून भीतीवरचा उपचार तिला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. तिला ‘नैतिक इजा’ म्हणणे म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे झाले. आपल्याकडे ‘शल्य’ तयार आहे. शरीरात रुतून राहिलेले बाणाचे टोक हा त्याचा मूळ अर्थ. ते काढण्याची विद्या ती शल्यचिकित्सा, आणि मनाला लागून राहिलेल्या गोष्टीलाही मराठी माणूस शल्यच म्हणतो. पुढच्या परिभाषाकोशात या संज्ञेपुढे ‘नीतिशल्य’ असे छापावे. समास थोडा जड वाटेल, पण ‘ताणविकार’ही आरंभी जडच वाटला होता.