आधी फर्मे मोज

कोल्हापूर

प्रिय,

कथासंग्रह पुरा झाला, आता उद्यमनगरातल्या छापखान्यात जाऊन हजार प्रतींचा भाव विचारायचा, असं लिहिलंयस. संग्रह छापण्याजोगा आहे, म्हणूनच हा हिशेब लिहून पाठवतोय.

तुझे चाळीस हजार शब्द डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात, पानाला २६५ धरले तर, १५१ पानं होतात. शीर्षकपान, हक्कपान, अर्पणपत्रिका, अनुक्रम धरून १६०. फर्मा म्हणजे एकाच कागदावर छापून घडी घातलेली १६ पानं, तेव्हा नेमके १० फर्मे. १६३ पानं झाली तर अकरावा फर्मा चढतो आणि १३ पानं कोरी राहतात. त्यापेक्षा एखादा परिच्छेद आवळ.

१८ × २३ इंची कागदाच्या दोन्ही बाजू मिळून एक फर्मा बसतो आणि २३ × ३६ च्या पूर्ण कागदातून असे दोन निघतात. समज ५०० प्रती काढल्या, तर १० फर्मे म्हणजे ५,००० अर्धे, २,५०० पूर्ण कागद, ५०० कागदांची एक अशी ५ रिमं. वर थोडी नासाडी. हे पाठ असलं की कोटेशनमधला कागदाचा आकडा फुगवलाय का, ते तिथंच कळतं.

ऑफसेट छपाईत प्लेटांचा (ज्यांवरून छपाई होते त्या पत्र्यांचा) आणि मशीन लावायचा खर्च ५०० ला तेवढाच, १,००० ला तेवढाच. म्हणून छापखानेवाला म्हणेल, ‘हजार घ्या, प्रत स्वस्त पडते.’ पडते खरी, पण न खपलेले गठ्ठे तुझ्या घरात येतात, त्याच्या नाही. आपल्याकडचा पावसाळा तुला माहीत आहे. कागद ओल ओढतो, पानांना लाटा येतात. कव्हरला लॅमिनेशन बाहेरच्या बाजूलाच असतं, आतली बाजू दमट होऊन फुगते आणि कव्हर बाहेर वळतं. गठ्ठे फळीवर ठेव, भिंतीपासून वीतभर लांब. पहिल्या खेपेला ३००च छाप, तेही डिजिटलवर; तिथं प्लेटा लागत नाहीत. खपली तर पुन्हा छापता येतं.

आतला कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर; कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, म्हणजे जाड गुळगुळीत कागद. कागदाची ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, स्पाइनला (पुस्तकाच्या कण्याला) समांतर आहे ना, हे आवर्जून विचार. आडवी असली तर पुस्तक उघडताना ताठ राहतं आणि स्पाइनजवळ पानं चुरगळल्यासारखी दिसतात. कोऱ्या कागदाची डमी, म्हणजे नमुन्याची प्रत, बांधून घेतल्याशिवाय कव्हर अंतिम करू नकोस. स्पाइनची जाडी अंदाजानं धरली की नाव हमखास कडेला सरकतं.

खरी डोकेदुखी अक्षरांची. तू युनिकोडमध्ये लिहितोस, डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर पानं जुळवणारा, बहुधा श्रीलिपी या वेगळ्या फाँटपद्धतीत पानं लावेल. बदल करताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र, रफार, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं बिघडतात. म्हणून प्रूफ कन्व्हर्जन झाल्यावर वाच. आधी वाचलेलं जमेस धरू नकोस. शेवटचं वाचन कागदावर आणि मोठ्यानं. अनुक्रमातले पृष्ठांक तेव्हाच ताडून बघ. आणि पानांवर केलेली प्रत्येक दुरुस्ती युनिकोड फाइलमध्येही कर, नाहीतर ईबुकात त्याच जुन्या चुका जातील. हे बहुतेक जण विसरतात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी संकेतस्थळावरून मोफत मिळतो, लेखकालाही. एजंटला पैसे देऊ नकोस. अर्ज लवकर कर, कारण मलपृष्ठावर बारकोड बसवायचा असतो. ईबुकाला वेगळा क्रमांक लागतो.

एक गोष्ट मात्र आजच ठरव. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. स्वतः छापून मोकळा झालास की ते दार बंद. तिथं वेळ जातो, पण कथासंग्रह त्यात बसतो. थांबायचं असेल तर छापखान्याची घाई नको.

किंमत ठरवताना दुकानदाराचं कमिशन आधी वजा कर. समज प्रत ९० रुपयांत पडली आणि किंमत २०० ठेवली, तर ४० टक्के गेल्यावर हातात १२० येतात. त्यातून भेटप्रती, टपाल, फाटक्या प्रती सुटायच्या. १५० ठेवलीस तर हातात ९० म्हणजे मुद्दलच. जांगड माल (खपला तर पैसे, नाहीतर परत) देताना तारीख आणि प्रतींची संख्या लिहून सही घे. ओळखीचा असला तरी घे, ओळखीच्याच माणसाकडे मागायला जीभ रेटत नाही.

प्रकाशनासाठी शाहू स्मारकाचं सभागृह हवंच असा हट्ट नको. भाड्याच्या पैशात भेटप्रती निघतात. एक प्रत करवीर नगर वाचन मंदिरात दे. १८५० पासूनचं वाचनालय आहे, तिथं वाचणारी माणसं येतात. १९५४ च्या कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चानं पाठवायची असते. त्या प्रती पहिल्या गठ्ठ्यातूनच बाजूला काढ.

डमी बांधून आली की स्पाइन मिलिमीटरमध्ये मोजून कळव. कव्हरचं माप मग ठरवू.