वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळा सोडून प्रॉडक्शनला जावे का?

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. असून वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) प्रयोगशाळेत 9 वर्षे काम करते. आता मला टॅब्लेट विभागात प्रॉडक्शन एक्झिक्युटिव्ह म्हणून येण्याविषयी विचारणा झाली आहे. पुढे प्लँट हेड व्हावे, अशी माझी इच्छा आहे, परंतु पाळ्या, वीस-वीस वर्षे यंत्रावर काढलेले ऑपरेटर आणि पाचवीतला मुलगा यांचा विचार करून घरचे म्हणतात, "एसीतली नोकरी सोडून त्या धुळीत कशाला जातेस?" काय करावे?
— एक वाचक भगिनी, बजाजनगर

उत्तर : ताई, जावे, आणि लवकर जावे. औषध नियम, 1945 प्रमाणे गोळ्यांचे उत्पादन मान्यताप्राप्त तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे लागते. त्या मान्यतेसाठी औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराला पदवीनंतर 18 महिन्यांचा, तर रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला 3 वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो प्रत्यक्ष उत्पादनाचा असावा लागतो. चाचणीची मान्यता वेगळी असते. म्हणजे 9 वर्षे एचपीएलसी या चाचणी यंत्रावर घालवूनही या हिशेबात तुमची पाटी कोरीच आहे. बायोकॉनच्या किरण मजुमदार-शॉ यांचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. परंतु त्यांनी 1978 मध्ये स्वतःची कंपनी उभी केली. पगारावर काम करणाऱ्या बाईला प्लँट हेडच्या खोलीकडे जाणारा रस्ता बहुधा ग्रॅन्युलेशन (पावडरचे दाणे बनवणे) आणि कॉम्प्रेशन (ते दाबून गोळ्या करणे) यांमधूनच काढावा लागतो. धुळीचे म्हणाल, तर त्या विभागातही हवा गाळूनच येते आणि एसीही असतो, एवढे घरच्यांना जरूर सांगावे.

ऑपरेटर ऐकतील का, ही शंका मलाही होती. मीही प्रयोगशाळेतूनच आले होते. पहिल्याच महिन्यात एका बॅचच्या गोळ्यांच्या टोप्या उडू लागल्या, म्हणजे कॅपिंग सुरू झाले. ग्रॅन्युल्समधील, म्हणजे दाण्यांमधील, ओलावा कागदावर मर्यादेत होता, म्हणून सगळे यंत्रातल्या पंचांना, म्हणजे गोळी दाबणाऱ्या दांड्यांना, दोष देत होते. कॉम्प्रेशनवरच्या मामांनी हातमोज्यातल्या चिमटीत थोडे ग्रॅन्युल्स चुरडून दाखवले आणि "मॅडम, माल जास्तच वाळलाय," एवढेच म्हणाले. आकडा पुन्हा पाहिला, तर तो मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला टेकलेला होता. आम्ही यंत्राचा वेग उतरवला, तयार झालेल्या गोळ्या बाजूला काढल्या, डेव्हिएशन (ठरल्या पद्धतीपासून झालेला फरक) नोंदवले आणि बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या बॅचच्या नोंदवहीत, त्यांचे निरीक्षण मी त्यांच्या नावानिशी लिहिले. पुढच्या आठवड्यात ड्रायरची फिल्टर बॅग तुंबल्याचे सांगायला ते आपणहून माझ्या टेबलाशी आले. प्रयोगशाळेत आकडा मर्यादेत बसला की काम संपते. प्रॉडक्शनमध्ये तो मर्यादेत कुठे बसला, हे पाहावे लागते, आणि तुमची 9 वर्षे उपयोगी पडतील ती इथेच. उन्हाळ्यात पाण्याचा स्रोत बदलून टँकर आले, की शुद्ध पाण्याच्या यंत्रणेवर काय ताण येतो, हे तुम्ही नमुने तपासून आधीच जाणता. आता त्यावर बॅचचे वेळापत्रक बसवायला शिकाल.

रात्रपाळीबाबत, 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 66 नुसार स्त्रियांना रात्री 10 ते पहाटे 5 या वेळेत कामावर ठेवता येत नसे. महाराष्ट्राने 2015 च्या दुरुस्तीने ती वाट सुरक्षिततेच्या अटींवर मोकळी केली, आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही स्त्रीची संमती आवश्यक मानली आहे. म्हणून संमती देण्यापूर्वी गाडी तिरंगा चौकात सोडणार की घराच्या दारापर्यंत येणार, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. मुलाची परीक्षा असेल त्या महिन्यात पाळी बदलून मागण्यात कमीपणा नाही. पुरुष सहकारी शेतीच्या कामांसाठी तेच करतात आणि त्याची कुठे चर्चाही होत नाही.

मला खरी भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. बाईला प्रॉडक्शनमध्ये घेतात आणि मग अक्षर चांगले म्हणून बॅच रेकॉर्ड भरण्याच्या टेबलावर बसवतात. नेमणुकीच्या पत्रात 'डॉक्युमेंटेशन' असा शब्द दिसला, तर सही करू नये. पत्रात विभाग, पद आणि रुजू होण्याची तारीख स्पष्ट असावी, कारण 3 वर्षांनी अन्न व औषध प्रशासनाकडे मान्यतेसाठी अर्ज जाईल, तेव्हा अनुभव याच कागदावरून मोजला जाईल.