श्रीखंडाच्या डब्यातल्या गोळ्या

"आईला म्हातारचळ लागलाय मॅडम. आता हे वाढतच जाणार ना?"

सुजाताचं पहिलं वाक्य हेच होतं. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) घरातलं मोठं माणूस विसरायला लागलं की माझ्याकडे येणारे बहुतेक जण थोड्याफार फरकाने हेच विचारतात, आणि उत्तर मनाशी ठरवूनच आलेले असतात.

शेजारी तिची आई. वय ७६, हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेली. मी 'बाई' म्हणून हाक मारली तेव्हा मान जरा ताठ झाली. तोंडात खडीसाखर होती. मी कागद पुढे केला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ सुबक आलं. आकडे सहापर्यंत नीट, पुढचे सगळे सहाच्या खाली एकमेकांवर चढलेले. काटे काढलेच नाहीत. सुजाताने तोंड फिरवलं.

"हे कधीपासून?"

"गणपतीत तिने एकवीस मोदक स्वतः वळले हो. दिवाळीत चकलीची भाजणी दोनदा भिजवली. आता तर संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दाराशी बसते, मला घरी सोडा म्हणते. ते घर तिनेच बांधलंय."

गणपती ते दिवाळी म्हणजे जेमतेम दोन महिने. अल्झायमर सहसा इतक्या घाईने येत नाही, तो वर्षानुवर्षं पसरत जातो. थोड्या आठवड्यांत माणूस इतकं बदललं, तर आधी दुसरं कारण शोधायचं. शिवाय ती खडीसाखर. अर्ध्या तासात बाईंनी चौथ्यांदा पाणी मागितलं होतं आणि बोलताना जीभ टाळूला चिकटत होती.

"घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन ये," मी सुजाताला सांगितलं. "डॉक्टरांच्या, केमिस्टकडच्या, शेजारणीने दिलेल्यासुद्धा."

दोन दिवसांनी श्रीखंडाचा रिकामा डबा टेबलावर आला. आत गच्च भरलेल्या स्ट्रिप्स. त्यातल्या तीन मी बाजूला काढल्या. लघवीची घाई थांबवणारी ऑक्सिब्युटिनिन. पायांच्या जळजळीसाठी रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिन. आणि सर्दीची क्लोरफेनिरामाइन, जी बाई 'झोप छान लागते' म्हणून रोज घेत होत्या. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या, एकाला दुसऱ्याची खबर नाही.

या तीन गोळ्यांचं मेंदूशी काय नातं, हे सुजाताला समजावणं मला फार गरजेचं वाटलं. मेंदूतल्या पेशींमध्ये एक फट असते, मिलिमीटरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढी. ती ओलांडून निरोप जातो तो बहुधा रसायनाच्या रूपाने. लक्ष देणं, नवी गोष्ट डोक्यात ठेवणं यासाठी असेटिलकोलीन नावाचं रसायन लागतं. शास्त्रज्ञ ओटो लेवी यांनी १९२१ मध्ये त्याचं काम बेडकाच्या हृदयावर दाखवलं होतं. एका हृदयाचा चेतातंतू चेतवून त्याचा वेग कमी केला, त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, आणि तेही मंदावलं.

"बेडूक आम्ही मेणाच्या ट्रेमध्ये टाचायचो," बाई मध्येच म्हणाल्या. त्या दिवशीचं त्यांचं पहिलं धड वाक्य.

हेच रसायन लाळ सुटायला, आतडी हलायला, मूत्राशय आवळायला निरोप देतं. निरोप घेणाऱ्या पेशीवर त्याची ठरलेली जागा असते. या गोळ्या त्या जागेवर आधीच जाऊन बसतात, मग निरोप आला तरी घेणारं कोणी नसतं. मूत्राशयात तेच हवं असतं. पण तीच गोळी तोंड कोरडं पाडते, पोट साफ होऊ देत नाही आणि मेंदूत स्मरणाचा निरोप अडवते. तरुणाला नुसती पेंग येईल. वाढत्या वयात निरोप पाठवणारी यंत्रणाच मंदावलेली असते, आणि यकृत-मूत्रपिंडंही औषध सावकाश बाहेर टाकतात. अल्झायमरमध्ये तर असेटिलकोलीन पाठवणाऱ्या पेशी लवकर मरतात. म्हणूनच डोनेपेझिल नावाचं औषध देतात, असेटिलकोलीन लगेच तुटून जाऊ नये यासाठी. सकाळी डोनेपेझिल आणि रात्री अशी लघवीची गोळी घेणारे ज्येष्ठ मी पाहिले आहेत. एक गोळी निरोप टिकवते, दुसरी अडवते. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण हे टाळता येतं.

गोळ्या मी बंद केल्या नाहीत. तो माझा अधिकार नाही, आणि अमिट्रिप्टिलिन एकदम तोडूही नये. डबा तसाच डॉक्टरांकडे पाठवला. त्यांनी सर्दीची गोळी थांबवली, लघवीची बदलली, तिसरी हळूहळू कमी केली. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली.

"सर्दीची गोळी मीच आणून देत होते," सुजाता खाली बघत म्हणाली. ती रडली, मी रडू दिलं. मग एवढंच म्हटलं की आईला झोप लागावी म्हणून आणलेली गोळी होती ती. आणि डबा घेऊन येणारीही तीच होती.

जाता जाता तिने विचारलं, "मलाही होणार का?" नक्की होईल किंवा होणार नाही, असं कोणीच सांगू शकत नाही. पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ऐकू येणं आणि माणसांत मिसळणं सांभाळलं तर धोका कमी होतो. तिला रक्तदाब आहे, गोळी चुकते. तिथून सुरुवात करू म्हटलं.

सहा आठवड्यांनी बाई परत आल्या. खडीसाखर नव्हती. पिशवी घेऊन दाराशी बसणं थांबलं होतं. एकच गोष्ट दोनदा विचारणं मात्र अजून होतं, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांनी सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी सांगितली आहे. अल्झायमर नाहीच, असं मी सुजाताला म्हटलेलं नाही.

मी पुन्हा कागद दिला. आकडे बारापासून अकरापर्यंत वर्तुळभर आले. मोठा काटा मात्र दोनऐवजी दहावर गेला. बाईंनी कागद जरा लांब धरून पाहिला.

"खोडरबर आहे का गं?"