गळ्यातला बॅज बोलला, नोटीस मात्र सिस्टरला

प्रश्न : पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत मी नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. वर्षभरापासून आमच्या गळ्यात बोलायचा बॅज असतो. हात न लावता त्यावर कॉल होतो, आणि अर्जंट कॉल आपोआप उचलला जातो. सात नंबरच्या पेशंटचं ड्रेसिंग करताना डॉक्टरांनी बॅजवर विचारलं, "सातचा एचआयव्ही आला का?" मी म्हटलं, "हो सर, रिॲक्टिव्ह आहे," म्हणजे पॉझिटिव्ह. शेजारच्या बेडच्या नातेवाइकांनी ते ऐकलं. पेशंटच्या भावाने तक्रार केली. आता मला कारणे दाखवा नोटीस आली आहे, सोबत माझ्या बोलण्याचा छापील उतारा. चेंजिंग रूममध्ये मी मॅनेजमेंटबद्दल मैत्रिणीशी बोलले तेही त्यात आहे. एचआर म्हणतं, माफीनामा द्या, विषय संपवू. देऊ का? बॅज घालायला नकार देता येईल?

उत्तर : ताई, माफीनामा देऊ नका. "माझी चूक झाली" असा तुमच्या सहीचा कागद एकदा फाइलला लागला की विषय संपत नाही. उद्या पेशंटचा भाऊ ग्राहक आयोगात किंवा नर्सिंग कौन्सिलकडे गेला, तर हॉस्पिटल तोच कागद पुढे करील.

नोटिशीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. उत्तरात आधी त्या सोडवा.

पहिली, सात नंबरची. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. त्याच्या कलम ८ प्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. पण त्याच कलमात अपवाद आहे : उपचारात सहभागी असलेल्या एका आरोग्यसेवकाने दुसऱ्याला, उपचारासाठी गरज म्हणून सांगितलं तर संमती लागत नाही. तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, शेजारच्या बेडला नाही. फोन असता तर चार पावलं बाजूला जाऊन बोलला असता. इथे हात ड्रेसिंगमध्ये, कॉल आपोआप उचललेला आणि प्रश्न स्पीकरवर, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. तरी एक कच्चा दुवा तुमच्याकडे आहे, तो मी लपवणार नाही. "सर, बाहेर येऊन सांगते" एवढं म्हणता आलं असतं. चौकशी अधिकारी हेच विचारणार. तेव्हा बॅज देताना कोणतं प्रशिक्षण मिळालं, लेखी सूचना काय होत्या, इअरफोन दिला होता का, हे आजच आठवून लिहून ठेवा. याच कायद्याचं कलम ११ अशी माहिती जपण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी संस्थेवर टाकतं, तुमच्या एकटीवर नाही. रिसेप्शनच्या भिंतीवर रुग्ण हक्कांची सनद लावलेली असेल, तीही वाचा. गोपनीयतेचं वचन तिथे हॉस्पिटलच्या नावाने आहे.

दुसरी, चेंजिंग रूमची. इथे बरेच जण उत्साहाने म्हणतात, "चोरून रेकॉर्ड केलं, कोर्टात टिकणार नाही." तसं नाही. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, लाच मागताना फोनवर टेप झाले होते. ती टेप पुराव्यात धरली गेली. पण तिथे बोलणाऱ्या दोघांपैकी एका डॉक्टरने टेप लावायला स्वतः संमती दिली होती. तुमच्या गप्पांना तुमचीही संमती नव्हती आणि मैत्रिणीचीही. हा फरक उत्तरात जरूर मांडा, मात्र एवढ्यावर विसंबू नका. खात्यांतर्गत चौकशीला पुराव्याचे नियम काटेकोर लागत नाहीत.

खरा जोर लावा तो रेकॉर्डिंग मागण्यावर. उतारा नको, पूर्ण ऑडिओ हवा, तारीख-वेळेसह. यंत्राने मराठी-इंग्रजी मिसळलेलं बोलणं कागदावर उतरवताना काय काय करून ठेवलेलं असतं, ते मी एका प्रकरणात पाहिलं आहे. "सलाइन लावते"चं तिथे "साली लावते" झालं होतं! शिवाय बॅज शिफ्टमध्ये हातोहात फिरतात. आधीच्या सिस्टर लॉग-आउट न करता गेल्या असतील, तर त्यांचं बोलणं तुमच्या नावावर किंवा तुमचं त्यांच्या नावावर पडलेलं असू शकतं. त्या दिवशीची लॉग-इनची नोंदही मागा.

बॅज आवाज ओळखून लॉग-इन करत असेल तर आणखी एक मुद्दा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत ओळख पटवण्यासाठी घेतलेला आवाजाचा नमुना बोटांच्या ठशांच्या पंक्तीत बसवला आहे, आणि तो घ्यायला लेखी संमती लागते. ती दिल्याचं आठवतं का? २०२३ च्या नव्या डेटा संरक्षण कायद्याची मुख्य बंधनं लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ पासून १८ महिन्यांची मुदत आहे, आणि त्यातही नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला मालकाला बरीच मोकळीक आहे. म्हणून हा मुद्दा उत्तरात एका ओळीत ठेवा, वेगळी केस करू नका.

नकाराचं म्हणाल तर बॅज काढून टेबलावर ठेवू नका. तो हुकूम मोडल्याचा तयार आरोप होईल आणि मूळ नोटीस बाजूला पडेल. बॅज घाला आणि लेखी मागा : इअरफोन, पेशंटजवळ आपोआप कॉल उचलणं बंद, सुट्टीत आणि चेंजिंग रूममध्ये बॅज बंद ठेवण्याची मुभा.

उत्तराची सुरुवात अशी करा : "व्यवस्थापनाने दिलेल्या उपकरणावर, कर्तव्यावरील डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नास, उपचारासाठी आवश्यक तेवढेच उत्तर मी दिले. आरोप मला मान्य नाहीत. संपूर्ण ध्वनिमुद्रण व लॉग-इन नोंदी मिळाल्यावर सविस्तर उत्तर देईन, तोपर्यंत मुदतवाढ द्यावी." मुदत संपायच्या आत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्यासह पोच घ्या.

आणि हो, तो उतारा नर्सेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्यात बेड नंबरही आहे आणि रिपोर्टही. तो पुढे गेला, तर त्याला कलम ८ चा अपवाद लागू होणार नाही.